ढोलकीशिवायचा नाताळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, हा माणूस आणि न सांगता राहील? माझी ढोलकी वाजली की ओझरला उतरणारं विमान वाट चुकतं, हे मी अख्ख्या नाशिकला पटवलंय. सगळं सांगून झालं — हे एक सोडून.

गोष्ट रूथची. माझ्या धाकट्या बहिणीची, मार्थाची मुलगी. तिला ऑटिझम आहे. मोठा आवाज तिला सुईसारखा टोचतो, ओळखीचं माणूस भलत्याच रूपात आलं की ती कासावीस होते. आणि मी कोण? आमच्या चर्चचा कायमचा सांताक्लॉज — दाढी पोटापर्यंत, पोट गुडघ्यापर्यंत, गळ्यात ढोलकी.

रूथ लहान असताना एका नाताळला मी दाराआडून ढोलकी बडवत उडी मारली. आवाज मामाचा, तोंड कापसाचं — पोरीनं करायचं काय? किंचाळली, कान दाबून बाकाखाली शिरली. सगळे तिच्याकडे धावले. माझ्याकडे कुणी बघेना. मला लागलं ते हेच, कळलं ना?

पुढच्या नाताळाआधी मार्थाकडे गेलो. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. आणि मग — म्हणालो, "पास्टर म्हणत होते, रूथला नाही आणलं तर बरं. लोकांना त्रास होतो."

पास्टर असं काही म्हणाले नव्हते. उलट ते मला विचारायचे, मार्थाबाई दिसत नाहीत? मी सांगायचो, रूथला गर्दी सोसत नाही, त्यांना घरीच बरं वाटतं. दोन्हीकडे एकेक थाप, आणि मधे मी. मार्था मानी. तिनं पुन्हा चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. रूथ घरीच मोठी झाली.

मग गेल्या नाताळाआधी पास्टरच म्हणाले, "रूथसारख्यांना सोसेल असा कार्यक्रम ठेवू. तुम्ही मामा ना? काय काय लागेल, विचारून या." मार्था आली तर माझी थाप उघडी. नाही आली तर रूथचा आणखी एक नाताळ बंद दारामागे. गेलो.

मार्थानं निरोप ऐकला, चहा ठेवला. मग म्हणाली, "ढोलकी नको. लुकलुकणारे दिवे नको. आणि दादा, तुझी ती दाढी नको."

पुढचं मात्र थाप नाही. एकेक लुकलुकती माळ मी स्वतः उतरवली. दार, बाक, बाळ येशूची गव्हाणी, माझा बिनदाढीचा चेहरा — सगळ्याचे फोटो रूथला आधीच पाठवले, म्हणजे अचानक काही समोर यायला नको. मागच्या खोलीत सतरंजी घातली, कुणाला उठून शांत बसायचं असेल तर. टाळ्यांऐवजी हात हलवायचे, असं ठरलं. चर्चमधले म्हातारे अंतोनकाका कुरकुरले, "हा नाताळ का मयत?"

"काका, टाळी वाजवलीत तर मयत तुमचीच."

रूथ आली, कानांवर मोठे हेडफोन लावून. दारात थांबली. मोबाईलमधला फोटो बघितला, मला बघितलं.

"मामा. दाढी नाही."

"नाही गं."

आत शिरली. आणि काय सांगू तुम्हाला — तिसऱ्या गाण्याला ती उभी राहिली, हेडफोन गळ्यात घेतले आणि सगळी कडवी म्हटली. पुस्तकाशिवाय. मार्था दरवर्षी तिला ही गाणी घरी म्हणून दाखवायची. मालेगावहून आलेला एक तरणा पोरगा, तोही तिच्यासारखाच, बाकांच्या रांगांमधल्या वाटेत गोल गोल फिरत होता आणि त्याला कुणी बस म्हणत नव्हतं. गाणं संपलं तसे सगळे हात वर गेले, वाऱ्यावर उसाचं रान हलावं तसे. आवाज शून्य. असा दणदणीत नाताळ मी जन्मात पाहिला नाही, आणि ह्यात मी तसूभरही वाढवत नाहीये. काकांचे हात तर सगळ्यात वर.

मग मार्था पास्टरांकडे गेली. म्हणाली, "मागचं मी मनातून काढलं, पास्टर."

त्यांना काही उमगलं नाही. भला माणूस — हसून म्हणाले, "आलात, फार बरं केलंत."

मी हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं, आणि करंजी घातली. जे वाक्य माझं होतं, त्याची माफी त्यांना मिळाली.