मानाचं पहिलं नाव

कोरेगावात लालासाहेबाला सगळे सर म्हणतात. त्यानं आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. पत्रिका मोबाईलवर फिरायला लागल्या तसा तो बसला. मग त्याच गाळ्यात त्यानं कॉम्प्युटर मांडला आणि बारावीच्या पोरांना इंजिनिअरिंग प्रवेशाचं मार्गदर्शन सुरू केलं. पाटी बदलली. डोकं पत्रिकेचंच राहिलं.

पत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, याचं एक शास्त्र असतं. जो लग्नाला फिरकणार नाही हे नक्की असतं, त्याचंच नाव सगळ्यात वर आणि ठळक. लालासाहेबाचं सगळं शहाणपण एवढंच. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची असतात. तिथंही तो पहिलं नाव तालुक्याच्या साहेबांच्या कॉलेजचं टाकायचा. ते मानाचं. खरी पसंती दुसऱ्या नावापासून, असं तो आईबापांना समजावून सांगायचा आणि ते मान हलवायचे. साहेबांच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याला पुढच्या रांगेत खुर्ची असायची. ती खुर्ची हीच त्याची पदवी.

इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण त्याच्याकडं येणाऱ्या पोरांना गुणच असे असायचे, की साहेबांच्या कॉलेजखेरीज त्यांना कुणी घेतलं नसतं. त्यांचे नंबर तिथं लागायचे आणि फोटो लालासाहेबाच्या फ्लेक्सवर लागायचे. त्याची चूक उघडी पडायला एक हुशार पोर लागणार होती.

ती आम्रपाली. बाप राजाराम एसटी डेपोत मेकॅनिक. तिला सांगलीच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं आणि सीईटीचे गुण त्याला पुरून उरत होते. फॉर्म मी घरीच भरते, असं ती म्हणाली होती. राजारामला ते पटलं नाही. दुसऱ्यानं आवळलेला नट स्वतः परत आवळून बघणारा हा माणूस; पण सरांच्या दारात गेला की त्याचे हात आपोआप जोडले जायचे. तेव्हा आम्रपालीनं सांगली पहिली ठेवून सगळा क्रम लालासाहेबाला लिहून दिला, दोनदा बजावलं आणि आजारी मावशीजवळ थांबायला ती मिरजेला दवाखान्यात गेली.

लालासाहेबानं सांगली दुसरी केली. राजारामला डेपोत फोन लावून मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला. राजारामनं तो हात पुसून, उभं राहून सांगितला. फॉर्म पक्का झाला.

यादी लागली तेव्हा आम्रपालीला साहेबांचं कॉलेज मिळालेलं होतं. नियम साधा आहे, कुणालाही वाचता येतो: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत नाव नाही. लालासाहेबानं तो कधी वाचला नव्हता. वाचायची त्याला गरजही नव्हती. त्याच्यावर गावाचा विश्वास होता, आणि विश्वास असला की माणूस वाचायचं सोडतो.

बापलेक त्याच्याकडं गेले. लालासाहेब बिचकला नाही. साहेबांशी बोलून फीमध्ये काहीतरी करू, म्हणाला. घराजवळचं कॉलेज, पोरीच्या जातीला ते बरंच. मग राजारामकडं बघत, तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "राजाराम, पैलं नाव मानाचं असतंय गड्या. ते द्यावंच लागतंय. तुमाला काय सांगायचं."

राजाराम होय म्हणाला. त्या क्षणी तो फार लहान दिसला.

आम्रपाली म्हणाली, "कॉम्प्युटरला मान कळत न्हाई, सर. म्हणून तर आमी त्याच्या भरवशावर होतो."

लालासाहेब हसला. पोरगी शिकल्यावर बोलतेच, म्हणाला, आणि राजारामसाठी चहा मागवला. राजाराम चहा प्यायला थांबला. ती थांबली नाही.

तिनं ती जागा घेतली नाही. वर्ष घरी बसून काढलं. बाप महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. डेपोत लोक विचारायचे आणि तो पोरीनं हट्ट केला म्हणून सांगायचा. लालासाहेब तर तिचं उदाहरणच देऊ लागला: मिळालेलं ताट लाथाडलं की असं होतं. ऐकणारे मान हलवायचे. ज्यानं तिचं ताट बदललं त्याच्याच दुकानात बसून हलवायचे.

दुसऱ्या वर्षी तिनं परत सीईटी दिली. फॉर्म स्वतः भरला, नंबर स्वतःच्या मोबाईलचा टाकला. सांगली मिळाली.

आठवड्यानं लालासाहेबाच्या दुकानावर नवा फ्लेक्स लागला. मधोमध आम्रपालीचा फोटो, खाली 'सरांच्या मार्गदर्शनाने'. फोटो त्याला कुणी दिला, हे विचारायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी राजाराम इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन निघाला आणि तिला म्हणाला, चल, सरांच्या पाया पडून येऊ.

ती तेव्हा सांगलीला न्यायची बॅग भरत होती. नाही म्हणाली, आणि भरत राहिली. राजाराम एकटाच गेला. वाकून पाया पडला.