बहिणीच्या वाफ्यात न उगवलेली मुसळी

सफेद मुसळीला आमच्याकडे आधी भाजी म्हणूनच ओळखत. पावसाच्या तोंडी रानात तिची गवतासारखी कोवळी पानं येतात. पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही. पुढे बारीक पांढऱ्या फुलांचा तुरा येतो आणि जमिनीत बोटांसारखी मुळं धरतात. ती औषधाला जातात, हे व्यापारी आले तेव्हा कळलं. मग लोकांनी रान खणून काढलं. मुसळी दिसेनाशी झाली तेव्हा ती शेतात कशी लावायची हे जव्हारला शिकवू लागले. आमच्या साखरशेत गावातून मी गेलो.

तिथली एक गोष्ट मी नीट ध्यानात ठेवली. बियाण्याच्या प्रत्येक बोटाला वरच्या देठाचा तुकडा राहिला पाहिजे. कोंब तिथूनच फुटतो. तो नसेल तर बोट कितीही जाड असो, मातीत कुजतं.

माझी थोरली बहीण शेजारच्या पाड्यावर दिलेली. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे मानत. कुणाच्या दारात भोपळा, काकडी, वाल लावायचा तर पहिलं बी तिच्या हातून पडायचं. माझी मुसळी पहिल्या वर्षी बरी आली, तर पाड्यावरचे म्हणाले, "जव्हारला कशाला गेलास? बहिणीला बोलवायचं, याच्या दुप्पट आली असती." मीही हसलो. पण ते मनात राहिलं.

ती बियाणं मागायला आली. मी आत गेलो, चांगली जाड बोटं निवडली, एकेकाचा देठ नखानं खुडला आणि फडक्यात बांधून तिला दिली. रानातली मुसळी तोवर माझ्याशिवाय कुणी लावलेली नव्हती, तिला काय कळणार?

"लागंल ना रं?" तिनं विचारलं.

"तुझ्या हातानं दगडबी लागंल, बाय."

माझा वाफा हिरवा झाला, तिचा मोकळा राहिला. तिची सासू चारचौघांत म्हणाली, "भावानं सोन्यासारखं बी दिलं. तुझ्याच हाताचा गुण गेला." मी तिथेच बसलो होतो. पुढल्या वर्षी तिनं शेजारणीकडे लावलेल्या काकड्या जळाल्या आणि मग कुणाला शंकाच उरली नाही. तिला बोलावणं बंद झालं. माझ्या सुनेनं एकदा वाल लावायला हाक मारली, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझा नको गं. तूच लाव."

खरं सांगण्याऐवजी मी तिला देठाचं बियाणं देऊ केलं. तिनं घेतलं नाही. मला ते सोयीचंच झालं. अशी सगळी वर्षं गेली.

यंदा उन्हाळ्यात मी देठाचं आणि बिनदेठाचं अशी दोन्ही बोटं घेऊन तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं दोन्ही निरखून पाहिली आणि हसली.

"माझं मन राखायला एवढं रचलंस व्हय?"

"खरं सांगतो, बाय. मीच तोडले देठ."

"मग काकड्या कशानं जळल्या? त्याबी तूच जाळल्या?" आणि तिच्या सुनेकडे वळून म्हणाली, "बघ गं. म्हातारा झाला, तरी बहिणीसाठी पाप अंगावर घेतो."

ती लावेना, म्हणून तिच्या दारात मीच गादीवाफा केला आणि देठ वर ठेवून, वीत वीत अंतर सोडून बोटं लावली. सगळी उगवली. आता श्रावणात तुरे आलेत. जाणारेयेणारे म्हणतात, भावाचा हात लागला. तीही आल्यागेल्याला तेच सांगते, कौतुकानं. मी पुन्हा सांगू गेलो की चहा ठेवते.

माझ्या बोलण्यावर ती विश्वास ठेवणार नाही, म्हणून हे लिहिलं. तिच्या नातवंडांनी तिला वाचून दाखवावं. आणि काढणी झाल्यावर दोन वाटे करून ठेवावेत, एक देठाचा, एक देठ खुडलेला. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही तिच्याच हातानं लावून घ्या. नाही म्हणेल, पदराखाली हात घेईल. तरी घ्या.