आंधळ्या झालेल्या तीन पेट्या

नोकरीत बरेच मोठे गुन्हे उघडकीस आणले आणि त्यातले निम्मे विसरूनही गेलो. लोणावळ्यातली ती घटना मात्र जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा तिथे पोलीस निरीक्षक होतो. जुन्या महामार्गावर खांबांवर नुकत्याच सेन्सरच्या पेट्या बसवल्या होत्या. पेटीच्या काचेसमोरून किती गाड्या गेल्या हे नियंत्रण कक्षाला कळे आणि त्यावरून रस्त्यावरच्या फलकावर ‘रस्ता मोकळा’ किंवा ‘वाहतूक कोंडी’ असे झळके. एका शनिवारी तीन पेट्यांनी एकही गाडी मोजली नाही. फलक ‘रस्ता मोकळा’ म्हणत राहिला, पर्यटक बिनघोर आत शिरले आणि चार तास अडकले. आम्ही जाऊन पाहतो तर तिन्ही पेट्यांवर खताच्या गोण्या बांधलेल्या!

कंत्राटदाराचा इंजिनिअर तक्रार घेऊन आला आणि ठाण्यातच बसून राहिला. “साहेब, हा सरळ घातपात आहे.” वरून फोनवर फोन येत होते. माझा पारा मुळातच लवकर चढतो, त्या दिवशी तर तो उतरलाच नाही.

दुपारी एका चहावाल्याने खबर दिली. कुरवंड्याकडच्या वाडीतला एक म्हातारा शिडी लावून खांबावर चढताना त्याने पाहिला होता. तासाभरात म्हातारा माझ्यासमोर उभा होता.

“गोण्या तू बांधल्यास?”

“व्हय सायेब, म्याच.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगाया पायजे?”

गडी मुरलेला दिसतो, असे मला वाटले. मी आवाज चढवला. तो हात जोडून म्हणाला, “सायेब, आवनी तोंडावर आलीया, भात लावायचा हाय. घरी म्हातारी एकटीच हाय. मला हितं ठिवलं तर भाताची रोपं वाळून जातील. वरीसभर खायाचं काय आमी?”

आरोपीची रडगाणी मी खूप ऐकली होती. ठाणे अंमलदाराला म्हणालो, “गुन्हा दाखल करा.”

आमच्या हवालदार बाई जप्त गोण्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. मावळातल्याच त्या, शेतकऱ्याची लेक. त्या म्हणाल्या, “साहेब, जरा थांबता? गोण्या मीच उतरवल्यात. तोंड खाली होतं, पाणी निथळावं म्हणून. एकाही वायरला हात लागलेला नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला पावसाळ्यात आम्ही अशीच गोणी बांधतो.” मग त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. “आबा, का बांधल्यात गोण्या?”

“त्या खांबांचं खड्डं म्याच खनल्यात, बाई. ह्ये सायेबच म्हनलं, लय महागाची वस्तू हाय, जपा. आभाळ भरून आलं. म्हनलं, पेटी भिजंल.”

त्याचे बोट इंजिनिअरकडे होते. इंजिनिअर ओशाळला. “म्हणालो होतो खरं,” तो पुटपुटला.

पेटीला पावसाने काही होत नाही, ती काचेतून गाड्या बघते, हे मी समजावून सांगितले. म्हातारा मटकन खाली बसला. “म्हंजी म्या तिचं डोळंच बांधलं व्हय?” मग त्याने विचारले, “सायेब, त्या अडकलेल्या गाड्यांत कुनी आजारी मानूस न्हवतं ना?”

सकाळपासून आम्ही शंभर प्रश्न विचारले होते. हा एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. मला मनापासून लाज वाटली. मी तिथूनच फोन करून खात्री केली. सुदैवाने तसे कोणी नव्हते. ते ऐकल्यावरच तो उठला.

हेतू नव्हता, म्हणजे गुन्हाही नव्हता. तशी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि त्याला जीपने घरी पाठवले. कबुली मिळाली की तपास संपला, ही माझी समजूत त्या दिवशी मोडली. हवालदार बाईंनी मला थांबवले नसते, तर एका भल्या माणसाला मी कोठडीत टाकले असते. त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

आठवड्याने कुरवंड्याकडे जाणे झाले. ती दोघे म्हातारा-म्हातारी चिखलात वाकून भात लावत होती. मी जीप थांबवली आणि बांधावरूनच त्यांच्या पाठींना हात जोडले.