पोपटीच्या धुरात मिळालेला हयातीचा दाखला

गेल्या महिन्यात माझ्या आत्याने आपण जिवंत असल्याचं सरकारला पटवून दिलं... तेही पोपटी लावता लावता.

आत्या राहते अष्टमीला, रोह्याच्या पुलापलीकडे. मी पेणची. दर जानेवारीत तिचा फोन येतो, "शेंगा आणल्यात, या." वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उपडं घातलेलं मडकं आणि भोवती जाळ... आमच्याकडे पोपटी लावावी तर आत्यानेच. आतोबा कंपनीत होते, त्यांच्या मागे तिला पेन्शन मिळते. त्यातूनच ती सगळ्यांना जेवू घालते, मुलाला त्यात हात घालू देत नाही.

यंदा फोनच आला नाही. मीच केला तर म्हणाली, गुडघे दुखतात, यंदा राहू दे. जिने अंगात ताप असताना पोपटी लावलीय, तिचे गुडघे आडवे येतील हे मला काही पटेना.

खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. हयातीच्या दाखल्यासाठी ती सेंटरवर गेली होती. जन्मभर वाल सोलून गुळगुळीत झालेली बोटं, मशीनवर ठसे जुळलेच नाहीत. पुन्हा या म्हणाले, ही गेली नाही, आणि पेन्शन थांबली. मुलाला पत्ता नाही. मी रागावले तर म्हणाली, "पोपटीसाठी पोराकडे हात पसरू काय?"

मी पेणला बँकेत चौकशी केली. ठसे जुळले नाहीत तर मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो म्हणे. एवढं तिला तिथेच सांगायला कुणाचं काय जात होतं... जाऊ दे. रविवारी बाजारातून शेंगा घेतल्या आणि तडक अष्टमी गाठली.

शेंगा बघून आत्या चिडली. पण घरात आलेल्या शेंगा सुकू देणं तिच्या रक्तात नाही. बडबडत का होईना, अंगणात मडकं भरायला बसली. ऊन होतं तोवर मी तिला खुर्चीत बसवलं आणि मोबाइल समोर धरला. पदर सारखा करून आत्या ताठ बसली, डोळे हे एवढे मोठे.

मोबाइल सांगतोय, डोळे मिचकावा. आत्या मिचकावेना. पुन्हा केलं, पुन्हा नापास... डोळ्यांत पाणी आलं तरी बाई पापणी हलू देईना. शेवटी मी वैतागून विचारलं, एकदा मिटून उघडायला काय जातं तुझं?

"नाय गो. डोळे मिटलेला फोटो मेलेल्या माणसाचा. सरकारला काय वाटंल?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात हे आहेच... कुणाचे डोळे मिटलेले आले की आत्या तो फोटो तिथल्या तिथे डिलीट करायला लावते. मी परोपरीने सांगितलं की पापणी हलली तरच मोबाइलला माणूस जिवंत वाटतो. तिला ते साफ खोटं वाटलं.

म्हटलं, आधी तुझी पोपटी लाव. तिने मडकं उपडं घातलं, जाळ केला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसली. मी शेवटचा प्रयत्न म्हणून मोबाइल धरला, ती पुन्हा डोळे ताणून तयार. तेवढ्यात नदीकडून वारा फिरला आणि धुराचा एक लोट तिच्या तोंडावर आला. आत्याने डोळे मिचकावले... आणि स्क्रीनवर हिरवी खूण!

"झालं?" तिने विचारलं. झालं म्हटलं. तिने उठून जाळ सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजे हाय मी."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. इतके दिवस ही बाई हे ओझं एकटी वाहत होती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, ती आपणहून सांगत नाहीत.

परवा फोन आला. "पेन्शन आली. शेंगा आणल्यात, या." आम्ही सगळे गेलो, पोट फुटेस्तोवर खाल्लं. शेवटी काढलेल्या फोटोत आत्या इतकी हसतेय की तिचे डोळे मिटलेत... मी विचारलं, डिलीट करू? म्हणाली, राहू दे.