वायर गप्प झाली तेव्हा

पुलगावच्या रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्यात मी कंट्रोल पॅनल सांभाळायचो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कापूस ओढणारा पंखा, सरकी काढणारे रेचे, गठाण दाबणारी प्रेस, प्रत्येकाला मी स्वतंत्र कंट्रोलर बसवला होता. एका वायरवरून ते एकमेकांना निरोप द्यायचे आणि आपापला वेग जुळवून घ्यायचे. वर साहेब कोणी नाही, सगळे शेजारी. मला त्याचा भारी माज होता.

त्याआधी प्रेसवर वेगळी रीत होती. आत हात घालणारा लोखंडावर दोनदा पाना आपटायचा. खटक्यापाशी बसलेला दोनदा आपटून उत्तर द्यायचा. उत्तर आलं नाही तर कोणी हलायचं नाही. मी हसलो होतो. "लोहारकाम बंद करा, आता मशीनच मशीनशी बोलते." वायर अधूनमधून दगा द्यायची. काम थांबू नये म्हणून मी मशीनला शिकवलं की निरोप आला नाही तर शेवटचा निरोप खरा मानायचा.

कामावरून काढलेला एक फिटर भर दुपारी फोनलाइनवरून, त्याच वायरला जोडलेल्या आमच्या कॉम्प्युटरात शिरला आणि खोटे निरोप सोडू लागला. पासवर्ड त्याला पाठ होता, कारण मीच तो पॅनलच्या दारावर मार्करने लिहून ठेवला होता. पंखा सुसाट सुटला. रेचे तुंबले, पट्टे फाटून भिंतीवर आदळले, ठिणग्या उडाल्या. प्रेसला खोटं 'दाब' आणि खरं 'थांब' आळीपाळीने पोचत होतं, ती हिसके देत अर्धी उघडी होती. आतल्या रुईने पेट घेतला. ती ओढून काढायला प्रेसमनने उजवा हात आत घातला.

मी धावत जाऊन वायर उपटली. वाटलं, आता फिटर इथवर पोचत नाही. पण शेवटचा निरोप 'दाब' होता आणि प्रेसने तो खरा मानला. लाल बटण दहा पावलांवर होतं. मी पोचेपर्यंत प्रेसमनचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. पांढरी रुई लाल झाली होती.

चार दिवसांनी वर्ध्याच्या एसटी स्टँडवर फिटर सापडला. मी त्याचं तोंड बाकावर आपटलं, दात पडले तरी सोडलं नाही. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तसाच दवाखान्यात गेलो. प्रेसमनचा हात कोपरापासून कापला होता. फिटरचे दात पाडल्याचं मी सांगितलं.

"वायर तुटल्यावर प्रेस काऊन चालली?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली.

"आमी आवाज नाई आला तर थांबत होतो," तो म्हणाला. "तुह्या मशीनले तेवढंच शिकवाचं होतं."

मी कारखान्यात जाऊन सगळं नव्याने लिहिलं. निरोप थांबला की थांबायचं, दोन शेजाऱ्यांचे निरोप जुळले नाहीत तरी थांबायचं. मग प्रेसला 'दाब' सांगितलं, उजवा हात आत घातला आणि डाव्याने वायर उपटली.