पॉइंट दोन

आमच्या प्रयोगशाळेत ताईंच्या हाताखालून न गेलेला पाण्याचा नमुना सापडणं मुश्कील. विहिरीचं, नळाचं, कारखान्याच्या गटाराचं, बावीस वर्षं पाणीच पाणी. हात स्थिर, तोंड मात्र फटकळ. मी नवीन होते तेव्हा बाटली न विसळता वापरली, तर म्हणाल्या, "काय गं, घरी उष्ट्या पेल्यातून पाणी पितेस का?" सगळं काम मला त्यांनीच शिकवलं.

मग नियम आला. रिपोर्टवर सही करायची तर परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवायचं. ज्याच्याकडे नाही, त्याच्या आकड्यांवर दुसऱ्यानं सही करायची. ताईंना हे फार लागलं. "म्हणजे मी मोजायचं आणि कुणीतरी खरं-खोटं करायचं?" महिनाभर त्यांची लेक मोरीपाशी पुस्तक धरून प्रश्न विचारायची आणि ताई भांडी घासता घासता उत्तरं द्यायच्या. लेखी परीक्षा त्यांना हातचा मळ होती.

प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला तीन बंद बाटल्या दिल्या. आतल्या पाण्यात नायट्रेट किती, ते सांगायचं. ताईंच्या पहिल्या दोन बाटल्या तंतोतंत बरोबर आल्या. तिसरीला मशीननं शून्य दाखवलं. त्यांनी नळी धुतली, पुन्हा मोजलं. तीनदा शून्य.

आता आमच्याकडची गंमत ऐका. आमच्या साहेबांना शून्य चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, काहीच निघालं नाही तर पैसे कसले घेता? म्हणून शून्य आलं की आम्ही पॉइंट दोन लिहितो. तेवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही, असं साहेबांचं म्हणणं.

ताईंनी पॉइंट दोन लिहिलं.

तिसऱ्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी होतं, मुद्दाम ठेवलेलं. परीक्षकांनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?" मी रांगेत मागेच उभी होते. मशीन हललं असेल, एवढं म्हणाल्या असत्या तरी कदाचित निभावलं असतं. पण ताई म्हणाल्या, "मशीनवर शून्यच होतं. हा मी घातला. सवयीनं."

ताई नापास झाल्या. मी पास झाले. मी शून्य लिहिलं होतं, त्यात हुशारी कसली? मला नोकरीला आठच महिने झाले होते, ती सवय हाडीमांसी मुरायची होती.

साहेब हळहळले. "अहो ताई, एवढी साधी गोष्ट! शून्य होतं तर शून्य लिहायचं."

"बावीस वर्षांत एकदा तरी लिहू दिलंत का?" ताई म्हणाल्या. साहेबांना तेवढ्यात कुणाला तरी फोन करायचं आठवलं.

आता ताई मोजतात आणि मी सही करते. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला. काल त्यांनी वही पुढे केली. एका शाळेच्या टाकीचं पाणी, नायट्रेट पॉइंट दोन. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, हा खरा आहे ना?"

लगेच जीभ चावली, पण उपयोग काय? ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी बाटली उचलून माझ्यासमोर ठेवली.

"विचारलंस ते बरोबर केलंस. मोज परत."

मी मोजलं. खरंच पॉइंट दोन होतं. सही करताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.