एका बाजूचा पत्रा

आमची पोस्टिंग डोंगरातल्या एका बेस कॅम्पवर होती. मी हवालदार, ट्रेड वेल्डर. जिप्सीचा ड्रायव्हर लान्स नायक हरी तांडेल, वेसाव्याचा कोळी. मी मुलुंडचा. मुलुंड ही मुंबईच नव्हे, समुद्र कुठाय तिथे, असं तो रोज ऐकवायचा.

सकाळी सहाला रेशन घेऊन वरच्या पोस्टवर जायचं आणि नऊपर्यंत परत यायचं. रस्ता अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नाला. गोळी यायची ती नाल्यापलीकडून. जाताना नाला डावीकडे, येताना उजवीकडे. भंगारातल्या एका बख्तरबंद गाडीचा जाड पत्रा मला मिळाला, पण एकाच बाजूला पुरेल एवढा. मग मी दोन्ही दारांवर चार-चार हूक बसवले. जाताना पत्रा डावीकडे, माझ्या दारावर अडकवायचा. वर पोचलं की काढून उजवीकडे, हरीच्या दारावर. दोन माणसं, तीन मिनिटं. काम झकास झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

खोड एकच. पत्रा खडखडायचा. "आली भांडीवाली," म्हणून सगळा कॅम्प हसायचा. हरीला त्याचं काही नव्हतं. "वाजू दे ना उस्ताद. वाजतोय म्हणजे निघतोय."

पण कारागिराला आपलं काम वाजलेलं खपत नाही. एका संध्याकाळी हरी जेवायला गेला असताना मी पत्रा डाव्या दारावर अडकवून खालच्या दोन हुकांना वेल्डिंगचा एकेक टाका मारला. वर गेल्यावर छिन्नीच्या एका घावात तुटेल, असा माझा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी गाडी मुकाट चढली. मी हरीला कारण सांगितलं, जरा तोऱ्यातच.

"निघेल ना?"

"निघेल रे."

सात दहाला पोस्टवर पोचलो. तिथे एक शिपाई पहाटेपासून पोट धरून तळमळत होता. अपेंडिक्स. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, ताबडतोब खाली न्या. मागे स्ट्रेचर चढवेपर्यंत मी छिन्नी-हातोडी घेऊन पत्र्याला भिडलो. एक टाका तुटला. दुसरा तुटेना. ग्राइंडर खाली वर्कशॉपमध्ये.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "कितना टाइम?"

"दस मिनट, साहब."

पेशंट ओरडला. हरीने गाडी सुरू केली. "राहू दे उस्ताद. बस."

"मी चालवतो. तू इकडे बस."

"हा उतार तुला जमायचा नाही. बस म्हणतो ना."

मी बसलो. पत्रा माझ्या बाजूला होता.

सात बत्तीसला तिसऱ्या वळणावर दोन गोळ्या आल्या. एक दारातून आत घुसून हरीच्या बरगडीखाली लागली. त्याने वळण पूर्ण केलं, गाडी खडकाआड घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मी वायरलेस सेट उचलला. "कंट्रोल, ड्रायव्हर हिट. पेशंट ठीक है."

"रुको मत. नीचे आओ."

हरीला मी माझ्या सीटवर सरकवलं आणि स्टिअरिंग घेतलं. आठ पाचला बेसवर पोचलो. पेशंटला आत नेलं. हरी वाटेतच गेला होता, पत्र्याच्या आडोशाला.

आता जोगेश्वरीत माझं गॅरेज आहे. शनिवार-रविवारी डोंगर-ओढ्यांत गाडी घालणारे हौशी लोक फोर बाय फोरला खालून, बाजूने संरक्षक पत्रे बसवून घ्यायला येतात. मी सगळं बोल्टवर बसवतो. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, वाजतंय यार. वेल्ड मारा ना." मी रबरचे वॉशर घालून दिले. टाका मारला नाही. "चक्रम आहे," असं तो जाताना पुटपुटला. असेन.

हरीच्या तिथीला दरवर्षी मी वेसाव्याला जातो. त्याची आई, मी तिला मावशीच म्हणतो, दरवेळी एकच विचारायची, "गाडीला पत्रा होता ना रे?" मी म्हणायचो, "होता." खोटं नव्हतं. इतकी वर्षं त्या एका शब्दाआड मी लपून बसलो, आणि त्याची लाज मला तिच्या घरातून निघताना दरवेळी वाटली.

यंदा सांगून टाकलं. पत्रा कुठल्या बाजूला होता, का निघाला नाही, टाका कोणी मारला.

मावशी बोंबील साफ करत होती. हात थांबले. तिने विळी बाजूला सारली. ती हाकलून देईल अशीच माझी तयारी होती.

"आणि तो पोटात दुखणारा?"

"वाचला, मावशी. दोन पोरं आहेत त्याला. फोन करतो मला."

तिने विळी परत पुढे ओढली. "पुढच्या वर्षी त्याला घेऊन ये. माझ्या हरीने कोणाला खाली आणला, बघू दे मला."

मी तिथेच बसून रडलो. तिने जेवायला वाढलं.

लान्स नायक हरी तांडेल याने त्या दिवशी पेशंट खाली आणला. मी फक्त उरलेला उतार गाडी चालवली.